‘प्लेटलेट किती?’ याआधी विचारायचे दोन प्रश्न

पावसाळा उतरणीला लागला की मिरज, कराड, सांगली, सातारा, कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर एकच विचारपूस ऐकू येते: ‘पेशी किती आल्या?’ आकडा साठ हजार निघाला की घरातले घाबरतात, पाहुण्यांचे फोन सुरू होतात, कुणी पपईची पानं शोधायला धावतं. आणि ‘डेंग्यू आहे’ हे सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलेलं असतं.

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, कमी झाल्या म्हणजे अंगात काहीतरी गंभीर चाललंय, एवढंच कळतं. काय चाललंय ते त्या आकड्यातून कळत नाही. ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, उलट्या, अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, आणि रिपोर्टमध्ये घसरलेल्या प्लेटलेट, हे सगळं डेंग्यूत दिसतं. लेप्टोस्पायरोसिसमध्ये दिसतं, स्क्रब टायफसमध्ये दिसतं, मलेरियात दिसतं. माकडतापात आणि क्रायमियन-काँगो तापातही दिसतं. डेंग्यू डासामुळे होतो आणि त्यावर विषाणू मारणारं औषध नाही. लेप्टो आणि स्क्रब टायफस हे जिवाणूंचे आजार, डॉक्सीसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीनं वेळेत बरे होणारे. मलेरियाचं औषध वेगळंच. क्रायमियन-काँगो तापात तर रुग्णाच्या रक्तातून शुश्रूषा करणाऱ्यालाच लागण होते. वरून एकसारखे दिसणारे हे ताप आतून इतके वेगळे आहेत. म्हणून प्लेटलेटच्या आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: आज तापाचा कितवा दिवस, आणि गेल्या तीन आठवड्यांत रुग्णाचे हातपाय कुठं कुठं लागले?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर बहुतेक वेळा चुकीचं मिळतं. रुग्ण दवाखान्यात आल्यापासून किंवा अंथरूण धरल्यापासून दिवस मोजतो. मोजायचं असतं पहिली कणकण आली तेव्हापासून. ‘किती दिवस झाले?’ असं विचारलं की ‘तीन-चार’ हे ठरलेलं उत्तर येतं. त्यापेक्षा खूण धरून विचारावं: गावचा बाजार होता त्या दिवशी अंग गरम होतं का? त्याच्या आदल्या संध्याकाळी जेवण गेलं होतं का? असं विचारलं की ‘तीन-चार’चे सहा होतात. आणि तिसरा की सहावा, यावर कोणती तपासणी करायची हे ठरतं.

का ठरतं, ते नीट समजून घेऊ. रानडुक्कर उसात घुसलेलं असतं तोवर डुक्कर दिसतं. ते निघून गेलं की मोडलेला ऊस तेवढा दिसतो. रक्ताच्या तपासण्यांचेही असेच दोन प्रकार. काही तपासण्या जंतूच शोधतात, म्हणजे त्याचा अंश किंवा त्याची जनुकं. त्या पहिल्या दिवसांत उपयोगी. डेंग्यूची एनएस१ ही त्यातली, पहिल्या ते पाचव्या दिवसापर्यंत सगळ्यात भरवशाची. पीसीआरही याच गटातली. दुसऱ्या प्रकारच्या तपासण्या शरीरानं जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात. आयजीएम ही त्यातली. ही प्रतिपिंडं तयार व्हायलाच वेळ लागतो. डेंग्यूत साधारण पाचव्या दिवसानंतर आणि लेप्टो, स्क्रब टायफसमध्ये पाच ते सात दिवसांनी ती सापडू लागतात. दुसऱ्या दिवशी लेप्टोची आयजीएम केली आणि ‘निगेटिव्ह’ आली, तर त्याचा अर्थ लेप्टो नाही असा होत नाही. ऊस अजून मोडलेला नाही, एवढाच होतो. उलट आठव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं म्हणणंही तितकंच चूक.

मोडलेल्या उसाची आणखी एक अडचण आहे. तो काल मोडला की महिन्यापूर्वी, हे पाहून सांगता येत नाही. डेंग्यूची आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकते. जुलैत हलका डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला सप्टेंबरात लेप्टो झाला, तर झटपट तपासणीच्या कार्डावर डेंग्यूची रेघ उमटते आणि खरा आजार मागे राहतो. आपल्याकडं टायफॉइडसाठीच्या विडाल तपासणीचंही तसंच झालं आहे. एकाच नमुन्यावरची विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड नव्हे. टायफॉइडचं निदान रक्ताच्या कल्चरवर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्यावर) करायचं, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेल्या रक्ताच्या. ‘डेंग्यू आणि टायफॉइड दोन्ही निघालंय’ असं ज्या घरात ऐकू येतं, तिथं बहुतेकदा दोन कार्डं निघालेली असतात, दोन आजार नव्हे.

डेंग्यू ज्यांना आधी होऊन गेला आहे त्यांच्यात आणखी एक गोंधळ होतो. दुसऱ्या वेळी आयजीजी (जुन्या लागणीची आठवण ठेवणारी प्रतिपिंडं) लवकर आणि भरपूर वाढते, आयजीएम मात्र कमी राहते किंवा सापडतच नाही, आणि एनएस१ सुद्धा चुकण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या वेळचा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका जास्त, आणि कार्ड चुकण्याचा धोकाही त्याच वेळी जास्त. म्हणून सरकारी कार्यक्रमात झटपट कार्डावर डेंग्यू पक्का धरत नाहीत; एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं केलेली एनएस१ किंवा आयजीएम धरतात. जिल्ह्याच्या ठिकाणी नेमून दिलेल्या सरकारी प्रयोगशाळांत ती होते. आयजीएमचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात.

मलेरियाला मात्र दिवसाचं बंधन नाही. कुठल्याही तापात, कुठल्याही दिवशी रक्ताची काचपट्टी किंवा मलेरियाचं कार्ड पहिल्या फेरीतच व्हावं. कार्डाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा बांधकामावर लांबून आलेल्या कामगाराच्या बाबतीत तर यात अजिबात हयगय नको. फाल्सिपेरम मलेरिया एका रात्रीत मेंदूपर्यंत जातो.

आता दुसरा प्रश्न. तीन आठवडे का? डेंग्यू डास चावल्यापासून चार ते दहा दिवसांत उठतो, लेप्टो बहुधा पाच ते चौदा दिवसांत, स्क्रब टायफस सहा ते एकवीस. म्हणजे कालपरवाचं विचारून उपयोग नाही. आणि सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत सगळीकडं एकसारखं नाही. कृष्णाकाठी, कराडपासून खाली वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत पाणी आणि चिखल. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा इथं डोंगर, गवत, जंगल. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत इथं माळरान आणि शेळ्यामेंढ्या. रुग्ण राहतो कुठं यापेक्षा कामाला कुठं जातो हे विचारावं. मिरजेत भाड्यानं राहणारा गवंडी दिवाळीत पाटणला गवत कापून आलेला असतो.

नदीकाठापासून सुरू करू. २००५, २०१९, २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना ओसरलेल्या पाण्यामागचा चिखल आठवतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीवर गेलं की सगळ्यांचं लक्ष पाण्याकडं असतं. लेप्टोचे रुग्ण मात्र पाणी उतरल्यानंतर, घरं धुऊन काढताना आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत येतात. उंदीर-घुशींच्या, तसंच जनावरांच्या लघवीतून हा जिवाणू ओलसर मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतो आणि बरेच दिवस तग धरतो. टाचेच्या भेगा, पाचटानं कापलेली नडगी, बोटांमधल्या चिखल्या या त्याच्या आत शिरायच्या वाटा. पूर नसतानाही उसाला पाणी पाजणारा, गोठा साफ करणारा, गटारात उतरणारा माणूस याच गटात येतो.

लेप्टोच्या रुग्णाच्या पोटऱ्या दाबून पाहाव्यात. दाबताच तो कळवळतो, नुसतं ‘अंग दुखतं’ एवढ्यावर थांबत नाही. डोळे लाल असतात, पण चिपडं नसतात. डोळे आल्यासारखं पाणी-पू येत नाही. रिपोर्टमध्ये एक जोडी पाहण्यासारखी असते. काविळीचं बिलिरुबिन बरंच वाढलेलं, पण यकृताची इजा दाखवणारी एसजीओटी-एसजीपीटी फारशी नाहीत, बहुधा दोनशेच्या आत. विषाणूच्या काविळीत हीच आकडेवारी हजारात जाते. सोबत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं आणि तरीही पोटॅशियम कमी. मूत्रपिंड बिघडलं की पोटॅशियम सहसा वाढतं, इथं उलट होतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या. डेंग्यूत त्या बहुधा चार हजारांच्या खाली येतात. कावीळ, कमी लघवी आणि प्लेटलेट कमी हे तिन्ही एकत्र दिसलं की डेंग्यूचं कार्ड बाजूला ठेवून लेप्टोचं औषध सुरू व्हायला हवं, निकालाची वाट न पाहता. खोकताना थुंकीत रक्ताची रेघ दिसली किंवा दम लागला, तर फुफ्फुसात रक्तस्राव सुरू झाल्याची शक्यता असते. त्या रुग्णाला तालुक्याच्या गावी ठेवू नये. अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वासाची सोय असेल तिथं तासाभरात हलवावं.

डोंगराकडच्या रुग्णात स्क्रब टायफस शोधायचा, आणि तो रक्तात शोधण्याआधी कातडीवर शोधायचा. गवतात-झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म माइटची अळी चावते. ती डोळ्याला जवळपास दिसत नाही, चावल्याचं कळत नाही. चावलेल्या जागी काही दिवसांनी काळी, कोरडी खपली धरते. विडीचा चटका बसल्यासारखी, भोवती लालसर कडं. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण ती कधीच सांगत नाही. आणि ती असते कुठं? कपडा जिथं घट्ट बसतो तिथं ही अळी अडकते. करदोट्याखाली, परकराच्या नाडीच्या रेषेत, जांघेत, काखेत, स्तनांच्या खाली, गुडघ्यामागं, कधी कानामागं, कधी अंडकोषावर. सदरा वर करून पोट तपासलं म्हणजे तपासणी झाली असं नाही. उजेड पुरेसा हवा, पडदा हवा, बाईंची तपासणी करायला नर्सताई हव्यात आणि करदोटा सरकवून खालची कातडी पाहायला हवी. दोन मिनिटांचं काम आहे. काखेत किंवा जांघेत गाठ सुजलेली असेल तर त्या बाजूचा हात-पाय पुन्हा नीट पाहावा. खपली सापडली की निदान जवळपास तिथंच झालं. पण ती प्रत्येकाच्या अंगावर असतेच असं नाही, म्हणून ‘खपली नाही’ यावरून स्क्रब टायफस नाकारायचा नाही.

वेइल-फेलिक्स ही स्क्रब टायफसची जुनी तपासणी अजून काही ठिकाणी होते. ती निगेटिव्ह आली तरी फारसा भरवसा नाही, बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात. आयजीएम एलायझा चांगली. खपलीचा तुकडा मिळाला तर त्यावरची पीसीआर फारच चांगली. डॉक्सीसायक्लिन सुरू केल्यावर साधारण ४८ तासांत ताप उतरला, तर तीही निदानाची एक खूणच. मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, असा सर्वसाधारण डोस. लेप्टोच्या सौम्य आजारातही हाच. गंभीर लेप्टोला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्झोन शिरेतून द्यावं लागतं. पण सेफ्ट्रियाक्झोन स्क्रब टायफसवर चालत नाही. ‘भारी इंजेक्शन चालू आहे, तरी ताप हटत नाही’ या वाक्यामागं हा आजार पुष्कळदा दडलेला असतो. गरोदर बाईला डॉक्सीऐवजी अझिथ्रोमायसिन देतात. आणि डॉक्सीची गोळी पोटभर खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करते.

डेंग्यूवर थोडं थांबायला हवं, कारण माणसं दगावतात ती बहुतेकदा ताप उतरल्यानंतर. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप खाली येतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि नेमका तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपायला लागतो. रक्त दाट होतं. रिपोर्टात हे ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ या ओळीत दिसतं. आधी ४० असलेलं ४८ झालं, म्हणजे वीस टक्के वाढ, तर गळती जोरात आहे. प्लेटलेट ४० हजार पण पीसीव्ही स्थिर असलेल्या रुग्णापेक्षा, प्लेटलेट ८० हजार आणि पीसीव्ही चढत चाललेला रुग्ण जास्त धोक्यात असतो.

रक्तदाबाचंही तसंच. वरचा १००, खालचा ८५. वरचा आकडा शंभर दिसतो म्हणून ‘बीपी ठीक आहे’ असं सांगितलं जातं. दोन्ही आकड्यांमधलं अंतर पाहा, पंधरा. ते वीस किंवा त्याहून कमी झालं, हातपाय गार पडले, की शॉक, म्हणजे अवयवांना रक्त अपुरं पडणं, सुरू झाला. वरचा आकडा खाली येईपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, काळी शी, सुस्ती, चिडचिड, सहा तासांत लघवी न होणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असो की पहाट, निघायचं.

ही गळती २४ ते ४८ तास टिकते. मग तोच द्रव परत रक्तात येतो. त्या वेळी सलाईन तसंच चालू राहिलं तर पाणी फुफ्फुसात उतरतं. म्हणून ‘अजून दोन बाटल्या लावा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. प्लेटलेटच्या पिशव्यांचाही धरू नये. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली आल्याशिवाय त्या चढवायची गरज नसते. सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट आपोआप वाढू लागतात. त्या पपईच्या पानांनी किंवा किवीनं वाढल्या असं वाटणं साहजिक आहे, पण त्या भरवशावर दवाखाना टाळू नये. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, आणि विशेषतः डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नको. ताप झटक्यात उतरवणाऱ्या त्या सुईमुळे रक्तस्राव वाढतो आणि कमरेवर काळीनिळी गाठ धरते. कुठला ताप हे कळेपर्यंत कुणालाच ती देऊ नये.

माकडताप आणि क्रायमियन-काँगो ताप हे या दोन जिल्ह्यांत रोज भेटणारे आजार नाहीत. पण लक्षात असल्याशिवाय ते सापडतही नाहीत. माकडताप १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. २०१६ पासून तो सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात दिसतो आहे. हिमोफायसॅलिस जातीच्या गोचिडीतून तो येतो. काजूच्या बागेत, जंगलात पाला-लाकूड गोळा करणाऱ्यांना होतो, आणि परिसरात माकडं मरून पडायला लागतात ही त्याची मोठी खूण. पावसाळ्यात नव्हे, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही घसरलेला, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आलेला आणि कोकणात कामाला जाऊन आलेला माणूस समोर असेल तर हे नाव आठवावं. काहींना ताप उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी फेरी येते आणि त्यात मेंदूची लक्षणं असतात.

क्रायमियन-काँगो ताप हायलोमा जातीच्या गोचिडीतून येतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या रक्तात विषाणू फिरतो, पण जनावर आजारी दिसत नाही. भारतात तो प्रथम पक्का झाला जानेवारी २०११ मध्ये, गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात, आणि पहिल्या रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. आटपाडीच्या बाजारात शेळ्यामेंढ्या हाताळणारे, लोकर कातरणारे, खाटीक, जनावरांचे डॉक्टर यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे: अलीकडं गोचीड उपटली का? उपटून काय केलं? कारण गोचीड अंगठ्याच्या नखावर चिरडायची सवय सगळीकडं आहे, आणि तिच्या पोटातलं रक्त बोटाच्या चिरेतून आत जातं. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी, हातमोजे घालून, आणि साबणाच्या किंवा फिनेलच्या पाण्यात टाकावी.

या तापात रक्तस्राव लवकर, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच सुरू होतो. सुई टोचलेल्या जागेभोवती तळहाताएवढे काळेनिळे डाग पडतात. असा रुग्ण आणि जनावरांशी संबंध, दोन्ही जुळलं की आधी रुग्णाला वेगळ्या खोलीत घ्यायचं, दुहेरी हातमोजे, गाऊन, मास्क, चष्मा, आणि मगच सुई हातात घ्यायची. त्याचं रक्त साध्या प्रयोगशाळेत उघड्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं नाही. जिल्हा आरोग्य यंत्रणेला कळवून नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जातो. तिथं चौथ्या, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा आहे.

काही वेळा प्लेटलेट खरोखर कमी नसतातच. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या मोजत नाही. रक्त भरल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट केली नाही तर बारीक गुठळी होते, तरीही आकडा खाली येतो. अंगावर ठिपका नाही, हिरडी स्वच्छ, माणूस ठणठणीत आणि रिपोर्ट २२ हजार असेल, तर काचपट्टीवर डोळ्यानं मोजायला सांगावं. उलट ताप अजिबात नाही आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतंय, तर सर्पदंश विचारावा. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त गोठेनासं होतं. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करायचं. वाहिलं तर विष आहे. नळी साबणानं धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर ही तपासणी फसते.

नमुना बाहेर पाठवायचा असेल तर पाच मिलिलिटर रक्त लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत घेऊन अर्धा तास गोठू द्यावं, सीरम (वर सुटणारं पिवळसर पाणी) वेगळं करावं, आणि दोन ते आठ अंशांत, बर्फाच्या पाकिटांसह पाठवावं. पीसीआरसाठी जांभळी नळी. पूर्ण रक्त फ्रीजरमध्ये ठेवलं की पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. नळीवर नाव असतं. सोबतच्या कागदावर मात्र अनेकदा नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असतं. तिथं ताप सुरू झाल्याची तारीख, रक्त घेतल्याची तारीख, काम काय, गाव कोणतं, आणि अँटिबायोटिक दिलं असेल तर कधीपासून, हे पाच तपशील हवेत. तारीख नसेल तर प्रयोगशाळेला निगेटिव्ह निकालाचा अर्थच लावता येत नाही.

आणि घरी सोडताना दुसऱ्या रक्ताची तारीख कागदावर लिहून द्यावी, पहिल्यानंतर दहा ते चौदा दिवसांची. दोन नमुन्यांत प्रतिपिंडांचं प्रमाण चौपट वाढलं तर लेप्टो किंवा स्क्रब टायफस पक्का. रुग्ण तोवर बरा होऊन शेतात गेलेला असतो, म्हणून आशाताईंना ती तारीख फोनवर सांगून ठेवावी. त्याच उसाला पाणी पाजणारे शेजारी आणि त्याच गोठ्यात राबणारी घरातली माणसं आहेत. त्यांच्यातला पुढचा ताप कशाचा, हे त्या दुसऱ्या नळीवरून लवकर कळतं.